भोपाळचे ३३७ टन जळाले; खालच्या माती-पाण्याचं काय?

निंबोणी
युनियन कार्बाइडच्या आवारात वर्षानुवर्षं पडून असलेला ३३७ टन कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरांतून पीथमपूरच्या कचरा जाळायच्या भट्टीकडे निघाला आणि जूनअखेर जळूनही झाला. बातम्यांचा सूर "सुटलो एकदाचे" असा. पण हा जमिनीवरचा, गोळा करून ठेवलेला माल झाला. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने २०१० मध्ये आवारातल्या दूषित मातीचा अंदाज दिला आहे ११ लाख टन. त्याखालचं पाणी आणखी निराळं.

कोर्ट, नुकसानभरपाई, राजकारण यांवर इथे आधीच भरपूर धागे आहेत, ते इथे नको. मला एवढंच समजून घ्यायचंय की अशी जागा साफ करतात म्हणजे नेमकं काय करतात? मातीही भट्टीत घालायची? पाणी उपसून गाळायचं? की चारी बाजूंनी भिंत घालून वर झाकण लावायचं? इथे बोअरवाले, ईटीपीवाले (सांडपाणी शुद्ध करणारे), लॅबवाले बरेच आहेत म्हणून विचारते.

भट्टीवाला
भट्टीचं आधी निकालात काढू. पीथमपूरला तीन चाचण्या झाल्या: तासाला १३५, १८० आणि २७० किलो. उरलेला माल २७० ने जाळला. त्या गतीने ११ लाख टन घातले तर ४० लाख ७४ हजार तास लागतात. भट्टी एक दिवसही बंद न ठेवता ४६५ वर्षं.

शिवाय माती जळत नाही. सिलिका आणि चिकणमाती तापवायला इंधन जातं, आणि जेवढी आत घातली जवळपास तेवढीच बाहेर येते. ३३७ टनांची राख आठशे टनांच्या पुढे गेली म्हणून लोक चक्रावले होते. त्यात गूढ काही नाही. धुरातलं आम्ल मारायला चुना भरपूर लागतो, त्याचा क्षार होऊन तो राखेत येतो. आणि त्या मालात निम्म्याच्या आसपास आवारातून खरवडलेली मातीच होती.

चहाटळ
तालीकोटच्या लढाईच्या सुमारास भट्टी पेटवली असती तर आत्ता शेवटचे कंटेनर निघाले असते.

कूपमंडूक
११ लाख टन या आकड्याला फार चिकटू नका. घनता १.७ धरली तर ते साडेसहा लाख घनमीटर होतात. कारखान्याचे ६७ एकर म्हणजे २७ हेक्टर. त्यावर पसरले तर सरासरी २.४ मीटर जाडी. प्रत्यक्षात दूषण दुधावरच्या सायीसारखं एकसारखं नसतं. प्लँटखाली एक डाग, गोदामापाशी दुसरा, गाळ फेकला त्या खड्ड्यात तिसरा, आणि मधली बरीच जागा जवळजवळ स्वच्छ. म्हणून किती टन हा पहिला प्रश्न नाही. काय, कुठे आणि किती खोल, हा आहे.

'काय' यात चार जाती आहेत आणि चौघांचे स्वभाव जुळत नाहीत.

कार्बारिल, म्हणजे सेव्हिन हे कीटकनाशक, ओल्या अल्कधर्मी मातीत मोडून नॅफ्थॉल होतं. न मोडता ते टिकतं ते गोण्यांत आणि डांबरी ढेकळांत.

एचसीएच हे दुसरं कीटकनाशक. त्याचे अल्फा, बीटा, गॅमा असे प्रकार असतात, गॅमा म्हणजेच लिंडेन. ते मातीला चिकटतं, पाण्यात फारसं विरघळत नाही. पण "फारसं नाही" म्हणजे लिंडेनच्या बाबतीत लिटरला सुमारे ७ मिलिग्रॅम, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिंडेनची मर्यादा आहे २ मायक्रोग्रॅम. एक किलो लिंडेन ५० कोटी लिटर पाणी मर्यादेला नेऊन ठेवतं. अल्फा एचसीएचची मर्यादा तर ०.०१ मायक्रोग्रॅम.

तिसरे म्हणजे जड द्रव: क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड, डायक्लोरोबेन्झीन. घनता १.३ ते १.६. पेट्रोलसारखे हे पाण्यावर तरंगत नाहीत. पाण्याची पातळी ओलांडून खाली जातात, चिकणमातीच्या थरावर थबकतात आणि त्या थराचा उतार असेल तिकडे सरकतात, मग भूजल भलतीकडे का वाहत असेना. चौथा पारा.

भोपाळात वर काळी-पिवळी चिकणमाती, खाली विंध्यन वालुकाश्म. जड द्रव त्या खडकाच्या भेगेत शिरला की 'माती किती टन' हा प्रश्नच मागे पडतो.

पाया_पक्का
एवढा गुंता असेल तर खणण्यात अर्थ नाही. भोवती स्लरी वॉल, वर झाकण, विषय बंद. ६०० ते ८०० मिमी रुंद चर, त्यात बेंटोनाइटचा (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचा) गारा धरून खणत जायचं, मग माती-बेंटोनाइटचं मिश्रण भरायचं. पाझर सेकंदाला १० चा उणे सातवा घात सेंमी किंवा कमी. भिंतीचा पाय अभेद्य थरात किमान १ मीटर रुतवायचा. झाकणाला खाली जीसीएल (बेंटोनाइट भरलेली चादर), वर दीड मिमी एचडीपीई प्लॅस्टिकची शीट, निचऱ्याचा थर, मग अर्धा-पाऊण मीटर माती आणि गवत. झाडं नाहीत, मुळं शीट फोडतात. आणि तिथे काळी माती आहे, ती स्वतःच अभेद्य. निम्मं काम निसर्गाने केलेलं आहे.

कूपमंडूक
काळी माती अभेद्य असते ती ऑगस्टमध्ये. मे महिन्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा असतात, मीटर-दीड मीटर खोल. भोपाळात वर्षाला हजार-अकराशे मिमी पाऊस पडतो. पहिल्या दोन जोरदार सरींचं पाणी वरची धूळ घेऊन थेट भेगेतून खाली जातं. माती फुगून भेग मिटायच्या आत काम झालेलं असतं. लॅबमध्ये ओला गोळा दाबून काढलेला पाझर आणि शेतातला पाझर यांत शंभरपट फरक पडू शकतो.

भिंतीचा पाय कशात रुतवणार हेही सांगा. खाली भेगाळ वालुकाश्म असेल तर भिंत उभी राहील आणि पाणी तिच्या पायाखालून जाईल. मग खडकात ग्राउटचा, म्हणजे दाबाने भरलेल्या सिमेंटच्या गाऱ्याचा पडदा आला, आणि तो शंभर टक्के बसला हे सिद्ध करणं भिंत बांधण्यापेक्षा अवघड.

पाया_पक्का
भेगांचं मान्य. म्हणूनच झाकणात नुसती चिकणमाती नको म्हटलं, शीट हवीच. पायाचंही मान्य, पण भिंतीच्या आत पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा अर्धा मीटर खाली ठेवली की गळती आतल्या दिशेने होते. त्यासाठी आत दोन-चार विहिरींतून थोडा उपसा कायम चालू. भिंत आणि पंप, जोडीने.

एक सूचना मात्र आहे: बेंटोनाइट गोड्या पाण्यात फुगतं. तीव्र सॉल्व्हंट लागला की आकसतं आणि भिंतीला तडे जातात. त्यामुळे मिश्रणाची पाझर-चाचणी नळाच्या पाण्याने करून चालत नाही. त्याच जागेचं दूषित पाणी नमुन्यातून दोन-तीन महिने वाहवून बघायचं.

नमुनेदार
कुणीही काहीही बांधायच्या आत नमुने धड घ्या. अहवालांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं मोठं कारण भूगर्भ नसून बाटली असते.

निरीक्षण-विहिरीचा पीव्हीसी पाइप आट्यांचा घ्या. सोल्युशन लावून जोडलात तर त्या सोल्युशनमधले टीएचएफ आणि कीटोन हे सॉल्व्हंट महिनोन्महिने तुमच्या अहवालात दिसतील. जाळीभोवती (पाइपाचा पाणी आत घेणारा भाग) धुतलेली वाळू, तिच्यावर किमान ६० सेंमी बेंटोनाइटच्या गोळ्या, त्या फुगल्यावर वर सिमेंट-बेंटोनाइट ग्राउट. जाळी ३ मीटरपेक्षा लांब नको; २० मीटर जाळी टाकली की चार थरांचं पाणी मिसळतं आणि आकडा सुंदर, सौम्य येतो.

पाणी बेलरने (दोरीने सोडायच्या नळीने) उपसून ढवळू नका. मिनिटाला १०० ते ५०० मिली एवढ्याच गतीने काढा. पीएच ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत स्थिरावली की नमुना. क्लोरोफॉर्मसारख्या उडणाऱ्यांसाठी ४० मिलीची काचेची कुपी, काठोकाठ, उलटी करून बुडबुडा दिसला तर नवी कुपी घेऊन पुन्हा भरा. आम्ल घालून पीएच २ च्या खाली, ४ अंशांवर, १४ दिवसांच्या आत तपासणी. कीटकनाशकांसाठी तपकिरी काच, टेफ्लॉनच्या अस्तराचं बूच, ७ दिवसांत निष्कर्षण. प्लॅस्टिकच्या बाटलीत एचसीएच भिंतीला चिकटतं आणि पाणी 'स्वच्छ' निघतं.

ठिबक
बोअर मारण्याबद्दलही कुणीतरी लिहा. आपल्याकडे चौकशी म्हणजे डीटीएचची (दाबाच्या हवेने बोअर मारणारी) गाडी बोलवायची आणि २०० फूट मारायचं.

कूपमंडूक
तेच करू नये. एक, त्या हवेने उडणारी रसायनं उडून जातात आणि कॉम्प्रेसरचं तेल भोकात जातं. दोन, वरच्या थरातला जड द्रव खालच्या स्वच्छ थरात न्यायला तुम्हीच रस्ता करून देता. आधी मोठ्या व्यासाचं भोक चिकणमातीपर्यंत न्यायचं, केसिंग (भोकाला आधाराचा पाइप) बसवून बाहेरून ग्राउट करायचं, २४ तास मुरू द्यायचं, मग आतून लहान व्यासाने पुढे. आणि काम नेहमी बाहेरून आत, स्वच्छ जागेकडून घाण जागेकडे. उलट केलं तर गाडीची अवजारंच दूषण वाटत फिरतात.

ईटीपी_बाबा
उपसून गाळण्याचा हिशेब मांडतो. २७ हेक्टर, १० मीटर जाडीचा पाणथर, ०.३ सच्छिद्रता (जाडी आणि सच्छिद्रता हिशेबापुरती धरली आहे): आत पाणी ८ लाख १० हजार घनमीटर. दिवसाला ५०० घनमीटर उपसलं तर एकदा पाणी बदलायला १६२० दिवस, म्हणजे साडेचार वर्षं. पण लिंडेन मातीला धरून बसतं. सेंद्रिय कार्बन ०.१ टक्का धरला तरी ते पाण्यापेक्षा सात-आठपट हळू चालतं. म्हणजे ३५ वर्षं, तेही वरून नवीन माल सुटत नसेल तर. खाली जड द्रवाचं डबकं असेल तर मीटर चालूच.

शिवाय एक लबाडी ओळखून ठेवा. पंप चालू असताना आकडे झपाट्याने उतरतात, बक्षीस समारंभ होतो, पंप बंद करतात आणि सहा महिन्यांत आकडे परत वर. चिकणमातीत मुरलेलं हळूहळू बाहेर येतं म्हणून. बंद केल्यावर निदान दोन पावसाळे मोजल्याशिवाय 'साफ' म्हणू नये.

प्लँट तसा साधा: वाळूचा फिल्टर, मग दाणेदार कार्बनच्या दोन टाक्या एकामागे एक, प्रत्येकीत १०-१५ मिनिटं संपर्क. नमुना दोन टाक्यांच्या मधून घ्यायचा. तिथे दिसू लागलं की पहिली बदलायची आणि दुसरीला पहिल्या जागी आणायचं. कार्बन एचसीएच छान धरतो, क्लोरोफॉर्म अजिबात नीट धरत नाही. तोच सगळ्यांत आधी निसटतो. म्हणून क्लोरोफॉर्मसाठी आधी हवेचा स्ट्रिपर, म्हणजे पाण्यातून हवा फुंकून रसायन उडवणारा मनोरा. स्ट्रिपरमध्ये कडक पाण्याचा चुना बसतो, त्याला आम्लाचा डोस. स्ट्रिपरची हवा मोकळी सोडलीत तर पाण्यातलं दूषण वस्तीच्या नाकात गेलं, तिलाही कार्बन.

चहाटळ
गावच्या विहिरीत टाकतात ते लाल औषध टाकलं तर?

लोखंडे
हसण्यावारी नेऊ नका, परमँगनेट खरंच वापरतात, जमिनीत टोचून. पण ते दुहेरी बंधावर चालतं, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीनसारख्यांवर. कार्बन टेट, क्लोरोफॉर्म, एचसीएच यांना ते ओरखडाही काढत नाही. ऑक्सिडंटच हवा तर परसल्फेट, कॉस्टिक सोड्याने पीएच साडेदहाच्या वर नेऊन. आणि चिकणमातीत कुठलंही औषध टोचलं तर ते भेगांतून पळतं. ज्या गोळ्यात रसायन मुरलंय तिथे पोचतच नाही. कधी कधी दहा मीटर लांबच्या बोअरमधून वर येतं.

इथे उलटी दिशा बरी: ऑक्सिजन देण्याऐवजी क्लोरीन काढून घेणारं काहीतरी. लोखंडाचा चुरा भरलेला चर पाण्याच्या वाटेत आडवा घातला की कार्बन टेट तासांत मोडतं.

भट्टीवाला
@लोखंडे, अर्धीच गोष्ट. कार्बन टेटचं क्लोरोफॉर्म होतं, क्लोरोफॉर्मचं डायक्लोरोमिथेन, आणि तिथे लोखंड हात टेकतं. लिंडेनचं होतं बेन्झीन आणि क्लोरोबेन्झीन. म्हणजे चरापलीकडे नवीन पाहुणे.

लोखंडे
बरोबर, म्हणून चर एकटा नको. त्याच्या पुढच्या बाजूला हवा सोडणाऱ्या विहिरींची रांग; बेन्झीन, क्लोरोबेन्झीन, डायक्लोरोमिथेन ही तिन्ही हवेशीर पाण्यात जिवाणू खातात. आधी हवाबंद, मग हवेशीर. शिवाय कडक पाण्यात चराच्या तोंडाशी कॅल्साइट (चुन्याचा थर) जमून पाणी बाजूने वळसा घेतं. पहिल्या अर्ध्या मीटरात लोखंड कमी आणि जाडी वाळू जास्त ठेवली की चर जास्त वर्षं चालतो.

दहीपोहे
जिवाणूंचा विषय निघालाच आहे तर: एचसीएच खाणारा 'स्फिंगोबियम इंडिकम' भारतातलाच, आणि दिल्ली विद्यापीठात त्यावर पुष्कळ काम झालंय. लिनए नावाचं विकर अल्फा आणि गॅमाला मोडतं. बीटा हा हट्टी, त्याला लिनबी लागतं आणि तेही पुष्कळदा अर्ध्यावर थांबतं. पद्धत दह्यासारखीच: विरजण वाढवायचं, मातीत मिसळायचं, ओल आणि खत सांभाळायचं, दर काही दिवसांनी नांगरायचं. मर्यादा अशी की किलोभर मातीत एचसीएच काही शे मिलिग्रॅमपर्यंत असेल तरच. एचसीएचचे पांढरे खडे दिसणाऱ्या मातीत जिवाणूच मरतात. तशी माती आधी वेगळी काढायची.

ठिबक
चुन्याने पीएच १२ करून एचसीएच मोडतात असं वाचलं होतं?

दहीपोहे
मोडतं. ट्रायक्लोरोबेन्झीन तयार होतं, ते उडतं. बीटा तसाच बसून राहतो. टाकीत, झाकण आणि धुराडं असेल तर करा. उघड्या ढिगाऱ्यावर चुना मारणं म्हणजे वास पसरवणं.

निंबोणी
वाचतेय. म्हणजे बाहेरच्या देशांतही हेच गोंधळ का? कुणी पूर्ण साफ केलंय?

पाया_पक्का
बासेलजवळ जर्मनीच्या हद्दीत केसलरग्रुबे नावाचा जुना रासायनिक उकिरडा आहे. एकाच खड्ड्याचे दोन मालक. रोशने आपला भाग हवाबंद मंडपाखाली, आत हवेचा दाब कमी ठेवून, पूर्ण खणून काढला. बीएएसएफने आपला भाग भिंत, झाकण आणि उपसा करून कोंडला. दोन्ही पंथ शेजारी शेजारी बघायला मिळतात.

कूपमंडूक
एचसीएचसाठी स्पेनमधलं साबिन्यानिगो जास्त जवळचं. तिथल्या लिंडेन कारखान्याचा कचरा बाइलीन नावाच्या जागी टाकला होता. २०१४ मध्ये घन माल नव्या अस्तराच्या खड्ड्यात हलवला. पण खालच्या भेगाळ खडकात शिरलेला जड द्रव तिथेच होता. तो त्यानंतरही वर्षानुवर्षं बोअरमधून काढताहेत. वरचं उचललं म्हणून खालचं संपत नाही याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

ठिबक
अवांतर: आपल्या एमआयडीसीतल्या बंद प्लॉटना यातलं काय लागू? आपल्याकडे तर सगळा काळा पाषाण.

कूपमंडूक
काळा पाषाण अखंड असला तरी त्याच्यावर-खाली मांजऱ्या (बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा खडक) असतो, आणि दोन लाव्हा-थरांच्या मध्ये तांबडा मातकट पट्टा. पाणी तिथून आडवं पळतं, कधी कधी किलोमीटरभर. त्यामुळे प्लॉटच्या चार कोपऱ्यांत चार बोअर मारून "दूषण नाही" म्हणणं व्यर्थ. कुठल्या थरात पाणी लागलं ते बोअरमधून निघालेल्या चुऱ्यावरून नोंदवून त्या थरातच जाळी टाकायची. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढलेत, त्यात संशयित जागेची प्राथमिक तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत करायची आहे. ९० दिवसांत एक पावसाळाही पूर्ण होत नाही, पण सुरुवात म्हणून ठीक.

भट्टीवाला
भट्टीची बदनामी मीच केली, तर तिची योग्य जागाही सांगतो. सगळ्या ११ लाख टनांना नको, पण गडद डागांना थर्मल डिसॉर्प्शन चालतं. यात माती जाळत नाहीत, ३५० ते ५०० अंशांना भाजून रसायन वाफेत काढतात आणि फक्त ती वाफ १,१०० अंशांच्या दुसऱ्या कक्षात दोन सेकंद जाळतात. तासाला २० टन आणि वर्षाला ६,००० तास धरले तर १ लाख २० हजार टन. समजा गडद माती एकूणाच्या दहावा हिस्सा निघाली, तर वर्षभराचं काम.

दोन अटी. ओल २० टक्क्यांच्या खाली हवी, म्हणजे पावसाळ्यात शेडखाली साठवण. आणि पारा. तो ३५७ अंशांना उकळतो, मातीबरोबर भट्टीत गेला की सरळ धुरात. पाऱ्याची माती आधी वेगळी निवडायची, धुऊन किंवा वेगळ्या रिटॉर्टमध्ये (बंद भांड्यात तापवून) त्यातला पारा काढायचा, आणि तरी धुराच्या वाटेवर गंधक लावलेला कार्बन ठेवायचा.

चहाटळ
कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याच्या मातीला हेच केलं ना?

भट्टीवाला
योजना तीच: माती धुणं आणि रिटॉर्ट, लक्ष्य किलोला २० मिलिग्रॅम पारा. तिथला वाद तंत्राचा नव्हता, त्या २० या आकड्याचाच होता. 'साफ' म्हणजे किती, हे आधी ठरवावं लागतं.

निंबोणी
बरं, मूळ प्रश्नाकडे येते. पैसे एकदम सगळे मिळणार नाहीत असं धरा. पहिल्या वर्षी काय?

ईटीपी_बाबा
पहिल्या वर्षी प्लँट उभारू नका, हे ईटीपीवालाच सांगतोय. काय येणार हे माहीत नसताना बांधलेला प्लँट एक तर उपाशी मरतो किंवा बुडतो.

कूपमंडूक
पावसाळ्याआधी आवारातलं पाणी वळवणारे चर, आणि उघड्या डागांवर तात्पुरती शीट. आजूबाजूला नळाचं पाणी पोचलंय तरी जुने हातपंप उभे असतील, ते बंद. मग पिझोमीटर (पाण्याची पातळी मोजायचे बारीक बोअर), आणि मे व ऑक्टोबर अशा दोन्ही टोकांना मोजणी. आवारापुरतं नाही, उत्तरेकडे १९७७ ची बाष्पीभवन तळी आहेत, त्यांचा गाळही त्याच पाण्यावर बसलाय. उन्हाळ्यात सर्वांत गडद डाग खणून शेडखाली. भिंत आणि प्लँट त्यानंतर.

ठिबक
हातपंप बंद म्हणजे दांडा काढून लाल रंग मारायचा?

नमुनेदार
तो दांडा चार दिवसांत परत बसतो, आणि बसला नाही तरी केसिंगबाहेरची पोकळी वरचं पाणी खाली नेतच राहते. आतली पाइपलाइन ओढून काढा, खोली मोजा, केसिंग निघत असेल तर उपसा, नसेल तर ठिकठिकाणी भोकं पाडा. मग ग्राउट, पण वरून ओतायचं नाही; पाइप तळापर्यंत सोडून खालून वर भरत यायचं, पाइपाचं तोंड सतत ग्राउटमध्ये बुडलेलं. ५० किलोच्या गोणीला साधारण ३० लिटर पाणी आणि दीड-दोन किलो बेंटोनाइट. त्यातून ४६-४७ लिटर ग्राउट होतं. १५० मिमी व्यासाच्या भोकाला मीटरला १७.७ लिटर, म्हणजे ६० मीटरला २३ गोण्या. भेगांत पळणारं धरून ३० गोण्या आणा. दुसऱ्या दिवशी जाऊन बघा, वरचे एक-दोन मीटर हमखास बसलेले असतात. तेवढं पुन्हा भरायचं.